सरकार आकसलं की कंपन्या माजतात, या दाव्याला उत्तर

समाजमाध्यमांवर एक दावा सतत फिरत असतो. सांगणारे बदलतात, शब्द थोडे इकडेतिकडे होतात, पण म्हणणं साधारण असं असतं: सत्ता कधी नाहीशी होत नाही, ती फक्त हात बदलते. सरकारचे अधिकार जेवढे कमी कराल तेवढे बड्या कंपन्यांचे वाढतात. नियम म्हणजे दुबळ्यांचं कवच; ते काढलं की मक्तेदाऱ्या आणि कंपन्यांचे भाडोत्री बंदूकधारी परत येणार. रशियात सरकार मागे हटलं आणि मूठभर लोक तेलाचे मालक झाले. म्हणून मर्यादित सरकार मागणारे लिबर्टेरियन हे कळत-नकळत कंपन्यांचेच वकील आहेत.

मी स्वतः मर्यादित सरकारच्या बाजूचा आहे, तेव्हा हे उत्तर त्या बाजूने आहे. पण या दाव्यामागची चीड मला परकी नाही. जिला आपण कधी निवडून दिलं नाही अशा कंपनीने आपल्या कामाचे तास, आपली खाजगी माहिती, आपलं पिण्याचं पाणी यांचे निर्णय घ्यावेत हे मलाही सहन होत नाही. आक्षेप आहे तो निदानावर. ही ताकद कंपन्यांकडे कुठून येते हेच चुकीचं ओळखलं, तर उपाय म्हणून आपण तीच ताकद वाढवून बसतो.

सुरुवात मूळ गृहीतकापासून करतो: सरकार आणि कंपनी ही एकाच तराजूची दोन पारडी आहेत, एक वर गेलं की दुसरं खाली. इतिहासातली सर्वांत बलाढ्य कंपनी घेऊन हे तपासू. ईस्ट इंडिया कंपनी जन्मली ती ३१ डिसेंबर १६०० रोजी, राणी एलिझाबेथच्या सनदेतून. केप ऑफ गुड होपच्या पलीकडच्या व्यापाराचा मक्ता त्या सनदेने तिला दिला. दुसऱ्या कुणा इंग्रज व्यापाऱ्याने परवानगीशिवाय तिकडे जहाज नेलं तर जहाज आणि माल दोन्ही जप्त. असा अधिकार कुठलाही ग्राहक कुठल्याही कंपनीला देऊ शकत नाही. १७७३ मध्ये कंपनी कर्जात बुडाली तेव्हा पार्लमेंटने तिला १४ लाख पौंडांचं कर्ज दिलं, आणि अमेरिकी वसाहतींत तिचा चहा स्वस्तात खपावा म्हणून वेगळा कायदाही केला. त्याच वर्षी १६ डिसेंबरला बोस्टनच्या बंदरात ३४२ पेट्या चहा पाण्यात फेकला गेला. करविरोध म्हणून आपण तो प्रसंग शिकतो. सरकारच्या लाडक्या कंपनीविरुद्धचा राग त्यात तितकाच होता.

पार्लमेंटने कंपनीला वेसण घातली, हेही खरं. १७७३ चा रेग्युलेटिंग ॲक्ट आहे, १७८४ चा पिट्स इंडिया ॲक्ट आहे. पण नियंत्रण वाढत गेलं तशी कंपनी दुबळी झाली का? ती हळूहळू सरकारच बनत गेली. तिचा हिंदुस्थानच्या व्यापाराचा मक्ता १८१३ मध्ये संपला आणि चीनचा १८३३ मध्ये, कारण राज्याने दिलेला विशेषाधिकार राज्याने काढून घेतला. आणि या कंपनीवर सर्वांत कडक टीका कुणी केली? खुल्या बाजाराचा आद्य पुरस्कर्ता मानला जाणारा ॲडम स्मिथ, १७७६ साली. व्यापारी वर्गाकडून येणाऱ्या प्रत्येक कायद्याच्या सूचनेकडे अतिशय संशयाने पाहावं, असं त्याने बजावून ठेवलं आहे. कंपन्यांचे वकील असं लिहीत नाहीत.

आता कवचाचा मुद्दा. नियम दुबळ्याला वाचवतात आणि कंपन्यांना नकोसे असतात, हे इतक्यांदा ऐकलं आहे की ते तपासावंसंही वाटत नाही. तपासायला अमेरिकेचा आंतरराज्य वाणिज्य आयोग उत्तम आहे. १८८७ मध्ये रेल्वे कंपन्यांना आवर घालण्यासाठी तो स्थापन झाला. पाच वर्षांनी बर्लिंग्टन रेल्वेच्या अध्यक्षाला तो बंद पडावा असं वाटू लागलं. त्याला उत्तर दिलं रिचर्ड ओल्नी या रेल्वेच्याच वकिलाने. त्याच्या पत्राचा आशय असा: आयोग मोडू नका. सरकारी देखरेख हवी ही लोकांची ओरड त्याने शमते, आणि ती देखरेख जवळजवळ नावापुरतीच असते. आयोग जसजसा जुना होईल तसतसा तो रेल्वेच्या नजरेने पाहू लागेल. त्याचा उपयोग करून घेणं हेच शहाणपण. हे १८९२ चं पत्र आहे, आणि कंपन्यांच्या आतल्या वर्तुळात नियमनाकडे कसं पाहिलं जातं हे त्यात कुठल्याही आडपडद्याशिवाय दिसतं. या ओल्नीला लक्षात ठेवा, तो पुढे पुन्हा भेटणार आहे.

जॉर्ज स्टिग्लर या अर्थतज्ज्ञाने १९७१ मध्ये याच गोष्टीचा सिद्धान्त मांडला: नियमन बहुधा त्या उद्योगालाच हवं असतं आणि त्याच्याच सोयीने आखलं जातं. पण सिद्धान्तापेक्षा विमानांची गोष्ट जास्त बोलकी आहे. १९३८ मध्ये अमेरिकेत विमानसेवांवर नियंत्रण ठेवायला एक मंडळ नेमलं गेलं. कोणती कंपनी कोणत्या मार्गावर उडेल आणि भाडं किती घेईल, सगळं मंडळ ठरवणार. पुढच्या चाळीस वर्षांत अर्जांमागून अर्ज आले, पण देशव्यापी मुख्य मार्गांवर या मंडळाने एकाही नव्या कंपनीला येऊ दिलं नाही. साऊथवेस्ट या विमान कंपनीच्या संस्थापकांनी वाट काढली ती अशी, की आपण फक्त टेक्सास राज्याच्या आतच उडायचं, म्हणजे केंद्रीय मंडळाचा हात पोचणार नाही. तरी प्रस्थापित कंपन्यांनी त्यांना कोर्टात खेचलं. १९६७ मध्ये स्थापन झालेल्या या कंपनीचं पहिलं प्रवासी विमान १८ जून १९७१ ला उडालं. मधली वर्षं खटल्यांत गेली. प्रवाशांचा एकही आक्षेप नसताना एका कंपनीला जमिनीवर खिळवून ठेवण्याची ताकद प्रतिस्पर्ध्यांकडे होती, आणि ती परवाना पद्धतीने त्यांच्या हाती दिलेली होती.

हे मंडळ कुणी मोडलं, तेही पाहण्यासारखं आहे. सुनावण्या घेतल्या सिनेटर एडवर्ड केनेडींनी, ग्राहक चळवळीचे राल्फ नेडर त्या बाजूने उभे राहिले, मंडळाचे अध्यक्ष आल्फ्रेड कान स्वतःच आपल्या अधिकारांवर कुऱ्हाड चालवायला निघाले, आणि ऑक्टोबर १९७८ मध्ये अध्यक्ष कार्टर यांनी कायद्यावर सही केली. विरोधात कोण होतं? युनायटेडसारखा अपवाद सोडला तर बहुतेक मोठ्या विमान कंपन्या. दावा म्हणतो तसं असतं तर चित्र नेमकं उलटं दिसलं असतं.

यावर हमखास प्रत्युत्तर येतं की आज अमेरिकेत चारच कंपन्यांकडे बहुतेक देशांतर्गत प्रवासी आहेत. बरोबर आहे. विलीनीकरणं झाली आणि ती मलाही खटकतात. मात्र परदेशी विमान कंपनीला अमेरिकेतल्या दोन शहरांमध्ये प्रवासी नेण्याची मनाई आजही कायद्याने आहे. दार अर्धंच उघडलं होतं, एवढं तरी मान्य व्हावं.

कवच खरं कुणाला मिळतं याचं आणखी एक उदाहरण द्यायलाच हवं, कारण ते मला सर्वांत जास्त अस्वस्थ करतं. अमेरिकेच्या १९५७ च्या प्राइस-अँडरसन कायद्याने अणुवीज कंपन्यांच्या अपघाती भरपाईला कमाल मर्यादा घातली. १९९० च्या तेल-प्रदूषण कायद्याने समुद्रातल्या तेलविहिरींसाठी तेच केलं: सफाईचा खर्च वेगळा, पण इतर नुकसानभरपाई कमाल साडेसात कोटी डॉलर. २० एप्रिल २०१० ला मेक्सिकोच्या आखातात तेलविहीर खोदणाऱ्या डीपवॉटर होरायझन या तरंगत्या मंचावर स्फोट झाला, ११ कामगार मेले, किनाऱ्यावरच्या मच्छीमारांचं उत्पन्न बुडालं. बीपी या तेल कंपनीने ती मर्यादा सोडून देत जास्त पैसे भरले, आणि गंभीर निष्काळजीपणा सिद्ध झाला तर ती लागूही होत नाही; पण एरवी कायद्याने कंपन्यांना आधीच सवलत देऊन ठेवली होती. ज्याने नुकसान केलं त्याने ते पूर्ण भरून द्यावं, हे लिबर्टेरियन विचाराचं अगदी पहिलं तत्त्व आहे. ते मोडलं संसदेने, कंपन्यांच्या सोयीसाठी. आणि इथे सरकारचा हात काढून घेतला तर कंपनी जास्त जबाबदार होते.

आता खाजगी बंदुका. हा मुद्दा मी हलक्यात घेत नाही, कारण माणसं खरोखर मेली आहेत. ६ जुलै १८९२ ला पेन्सिल्व्हेनियात होमस्टेड इथल्या कार्नेगीच्या पोलाद कारखान्यावर संपकऱ्यांना हुसकायला पिंकर्टन या खाजगी सुरक्षा कंपनीचे सुमारे ३०० रक्षक होड्यांमधून आणले गेले. दिवसभर गोळीबार चालला, दोन्हीकडची माणसं पडली. शेवट अनेकांना आठवत नाही: त्या दिवशी कंपनीचे भाडोत्री हरले. त्यांनी कामगारांपुढे शस्त्रं ठेवली. पारडं फिरलं ते काही दिवसांनी, राज्यपालाने सुमारे ८,५०० राज्य सैनिक गावात उतरवले तेव्हा; संप पुरता मोडला नोव्हेंबरमध्ये.

दोन वर्षांनी पुलमन या रेल्वेडबे बनवणाऱ्या कंपनीतला संप झाला. देशाचा महान्यायवादी तेव्हा होता रिचर्ड ओल्नी, तोच रेल्वेचा वकील. त्याने संघटनेविरुद्ध कोर्टाकडून मनाई हुकूम मिळवला, शिकागोत केंद्रीय सैन्य उतरलं आणि संपाचा नेता यूजीन डेब्स तुरुंगात गेला. कागदोपत्रीच्या देखरेखीवर रेल्वेने समाधान मानावं हे ज्याने सुचवलं, त्यानेच रेल्वेसाठी सरकारी बंदूकही आणली. २० एप्रिल १९१४ ला कोलोराडोत लडलोच्या खाणकामगारांच्या तंबूंवर चाल करून गेलेलं दल राज्याचं नॅशनल गार्ड होतं. त्यात कंपनीचे रक्षक भरती झाले होते. तंबूखालच्या खड्ड्यात लपलेली ११ मुलं आणि २ बाया त्या आगीत गेल्या.

यावरून कंपन्या निष्पाप होत्या असं मी म्हणत नाही. ज्यांनी पैसे दिले, माणसं भाड्याने आणली, ते गुन्हेगारच होते आणि त्यांच्यावर खटले चालायला हवे होते. कंपनी कधी जबरदस्ती करूच शकत नाही असं माझ्या बाजूचे काही लोक म्हणतात. त्यांनी होमस्टेडचा इतिहास वाचावा. परंतु कामगारांना चिरडणारी निर्णायक ताकद या प्रसंगांत कुठून आली, तर ती सरकारी कोर्टातून आणि सरकारी छावणीतून आली. सरकार दुबळं होतं म्हणून कामगार हरले, हे वर्णन या घटनांना लागू पडत नाही.

रशियाबद्दल थोडक्यात. १९९५ मध्ये अध्यक्ष येल्त्सिन यांच्या सरकारने बँकांकडून कर्ज घेतलं आणि तारण म्हणून तेल आणि धातूच्या कंपन्यांचे समभाग ठेवले. लिलाव भरवणारे आणि लिलाव जिंकणारे बऱ्याचदा एकच होते. सिब्नेफ्ट या तेल कंपनीचा ५१ टक्के हिस्सा सुमारे १० कोटी डॉलरला गेला. २००५ मध्ये सरकारी मालकीच्या गॅझप्रॉमने सिब्नेफ्टचा सुमारे ७३ टक्के हिस्सा १,३१० कोटी डॉलरला परत घेतला. सरकारने जवळच्यांना विकलं, सरकारनेच जवळच्यांकडून विकत घेतलं. यात बाजार कुठे आहे? मालमत्ता कुणाच्या पदरात टाकायची हे सत्तेत बसलेली माणसं बंद दाराआड ठरवत होती, आणि तो अधिकार एखाद्या आटोपशीर सरकारकडे असतच नाही.

मग वकिलीचा आरोप. त्यात तथ्याचा अंश आहे, आणि तो मान्य केल्याशिवाय पुढे जाणं अप्रामाणिकपणाचं ठरेल. या विचारांवर मोठा प्रभाव असलेली लेखिका आयन रँड हिने १९६१ मध्ये अमेरिकेतल्या बड्या उद्योगांना छळ सोसणारा अल्पसंख्य समाज म्हटलं होतं. ते तेव्हाही चूक होतं. कंपनीचा करार मोडला की स्वातंत्र्यावर घाला, आणि कंपनीला अनुदान मिळालं की मौन, असे लोक आजही लिबर्टेरियन म्हणवतात. त्यांच्याशी माझं भांडण या दाव्याशी असलेल्या भांडणापेक्षा जुनं आहे.

पण चळवळ म्हणून तिने कुठे उभं राहून झगडा केला ते पाहा. कनेक्टिकटमधल्या न्यू लंडन शहराने एका विकास आराखड्यासाठी लोकांची राहती घरं सक्तीने ताब्यात घ्यायला काढली. शेजारी फायझर या औषध कंपनीचं नवं संशोधन केंद्र उभं राहत होतं आणि परिसर त्याला साजेसा करायचा होता. घरमालकांचा खटला लढवला इन्स्टिट्यूट फॉर जस्टिस या लिबर्टेरियन वकिलांच्या संस्थेने. कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणारी एनएएसीपी घरमालकांच्या बाजूने कोर्टात आली, कारण अशा भूसंपादनात आधी कुणाची घरं जातात हे तिला ठाऊक होतं. २३ जून २००५ ला सर्वोच्च न्यायालयाने केलो विरुद्ध न्यू लंडन खटल्यात ५ विरुद्ध ४ मतांनी शहराच्या बाजूने निकाल दिला. बहुमतात न्यायालयाचे उदारमतवादी न्यायमूर्ती होते. घरं गेली. २००९ मध्ये फायझरने ते केंद्र सोडत असल्याचं जाहीर केलं, आणि संपादित जमीन वर्षानुवर्षं ओसाड पडून राहिली. इथे कंपन्यांच्या हिताला कुणाची साथ मिळाली आणि गरीब घरमालकासोबत कोण उभं होतं?

असे प्रसंग पुष्कळ आहेत, दोनच नोंदवतो. १९९८ मध्ये अमेरिकेने स्वामित्वहक्काची मुदत २० वर्षांनी वाढवली, डिस्नीसारख्या कंपन्यांनी त्यासाठी जोर लावला होता. त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात निवेदन देणाऱ्या अर्थतज्ज्ञांत खुल्या बाजाराचे पुरस्कर्ते मिल्टन फ्रीडमन होते. सप्टेंबर २००८ मध्ये ७०० अब्ज डॉलरचं बँक-बचाव विधेयक प्रतिनिधीगृहात पहिल्या फेरीत पडलं तेव्हा विरोधी मतांत लिबर्टेरियन विचारांचे प्रतिनिधी रॉन पॉल यांचं मत होतं. आणि मरी रॉथबार्ड, चळवळीतला सर्वांत कट्टर माणूस, १९६९ मध्ये लिहून गेला की ज्या शस्त्रनिर्मात्या कंपन्या मुख्यतः सरकारी पैशावर जगतात त्यांच्यावर मालकांचा न्याय्य हक्क उरत नाही, आणि त्या कामगारांच्या हवाली करण्याचा पर्याय त्याने गंभीरपणे मांडला. कंपन्यांच्या वकिलाकडून मी असं अजून ऐकलेलं नाही.

माझ्या बाजूच्या लोकांना मात्र एक सांगायचं आहे: सरकार कापायचं तर क्रम महत्त्वाचा. आधी अनुदानं, बचाव निधी, भरपाईच्या मर्यादा, मक्ते, परवान्यांच्या भिंती काढा. हे सगळं तसंच ठेवून गरिबाच्या आधारावर पहिली कात्री चालवली, तर वर दिलेला आरोप खरा ठरतो, आणि तो आपण स्वतःच्या हातांनी खरा केलेला असतो.

राहिला मक्तेदारीचा आणि डिजिटल कंपन्यांचा प्रश्न. स्टँडर्ड ऑइलचं नाव नेहमी पुढे येतं. १८८० च्या आसपास अमेरिकेतल्या सुमारे ९० टक्के तेलशुद्धीकरणावर तिचा ताबा होता. १९११ मध्ये न्यायालयाने तिचे ३४ तुकडे केले, तेव्हा तो ताबा आधीच ६५ टक्क्यांच्या आसपास उतरला होता, कारण १९०१ नंतर टेक्सासच्या तेलावर गल्फ आणि टेक्साको या कंपन्या उभ्या राहिल्या. रेल्वेकडून गुपचूप मिळवलेल्या सवलती लांच्छनास्पद होत्या, पण अढळ मक्तेदारी ती नव्हती.

आजच्या समाजमाध्यम कंपन्यांची गोष्ट वेगळी आहे, हे मी मानतो. सगळे जिथे आहेत तिथेच आपल्यालाही जावं लागतं, ही ताकद कुठल्या सनदेतून आलेली नाही. तरीही मार्च २०१९ मध्ये मार्क झुकरबर्ग यांनी स्वतः वर्तमानपत्रात लेख लिहून इंटरनेटसाठी नवे सरकारी नियम मागितले, तेव्हा ओल्नीचं पत्र आठवल्याशिवाय राहत नाही. हजारो तपासनीस आणि वकील पदरी बाळगणं फेसबुकला परवडतं. तिच्या जागी उद्या येऊ पाहणाऱ्याला परवडत नाही.

शिवाय या क्षेत्रात दोन्ही सत्ता एकमेकींत किती मिसळल्या आहेत याचा पुरावा आता उघड आहे. २०१८ मध्ये अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने कार्पेंटर खटल्यात सांगितलं की मोबाइलच्या नोंदींवरून माणसाच्या हालचालींचा दीर्घ माग काढायचा तर पोलिसांना वॉरंट लागेल. त्यानंतर सरकारी यंत्रणा अशीच माहिती, ती गोळा करून विकणाऱ्या दलालांकडून सरळ पैसे देऊन विकत घेताना आढळल्या. ॲपने गोळा करायची, दलालाने विकायची, सरकारने घ्यायची. न्यायाधीशासमोर उभं राहण्याची गरजच उरत नाही. या व्यवहारात सरकारला आणखी अधिकार द्या म्हणणाऱ्याने सांगावं की ते नेमके कुणाविरुद्ध वापरले जातील.

ही पळवाट बुजवणारं विधेयक २०२१ मध्ये डेमोक्रॅट रॉन वायडेन आणि लिबर्टेरियन विचारांचे रिपब्लिकन रँड पॉल यांनी मिळून आणलं. १७ एप्रिल २०२४ ला प्रतिनिधीगृहाने ते २१९ विरुद्ध १९९ मतांनी मंजूर केलं. ते फेटाळावं म्हणून आग्रह धरणारं सरकार होतं, बाजूने दोन्ही पक्षांतले नागरी स्वातंत्र्यवाले होते. सिनेटमध्ये मात्र त्या कार्यकाळात ते पुढे सरकलं नाही.